फुकट औषधाची किंमत

‘फुकट’ हा शब्द मराठींत मोठा अभागी आहे. ‘विनामूल्य’ म्हटलें कीं वाचनालय आठवतें, ‘धर्मार्थ’ म्हटलें कीं पाणपोई. पण ‘फुकट’ म्हटलें कीं तत्काळ ‘फुकट्या’ डोळ्यांपुढें उभा राहतो आणि वादास तोंड फुटण्यापूर्वींच निकाल लागून जातो. सरकारी खर्चानें चालणाऱ्या औषधोपचाराविषयीं आमच्या शिक्षित कुटुंबांतून जी चर्चा चालते ती बहुधा ह्या एका शब्दाच्या कह्यांत गेलेली असते. एक पक्ष म्हणतो, गरिबांस औषध फुकट मिळालेंच पाहिजे. दुसरा म्हणतो, फुकटाची चाड कोणास राहत नाहीं, आणि भार मात्र कर भरणारांच्या माथीं बसतो. हें औषध खरोखरच फुकट आहे, एवढी एक गोष्ट दोघांनींहि न तपासतां मान्य केलेली असते. ज्या मोलकरणीच्या नांवावर प्राप्तिकराचा एक पैसाहि जमा नाहीं, ती साबणाच्या वडीवर कर देते, दंतमंजनावर देते, मुलाच्या चपलेवर देते. रुग्णालयाच्या दारीं ती येते तेव्हां आपल्या औषधाचे पैसे तिनें वर्षानुवर्षें, आणि पावती न घेतां, भरलेले असतात. तेव्हां प्रश्न फुकट द्यावें कीं न द्यावें असा नसून, आगाऊ घेतलेल्या पैशांचें औषध तिच्या पदरांत पडतें कीं नाहीं, पडत नसल्यास मध्यें कोठें अडकतें, असा आहे; आणि ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस वाटलें होतें तितकें सोपें निघालें नाहीं.

ज्या शहरांत बसून आम्ही हें लिहीत आहों, त्या छत्रपति संभाजीनगरास सार्वजनिक सोयीची कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं खडकी वसविली ती जमिनीखालून नहरीचें पाणी आणून. पुढें १७४४ सालीं बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाण्याच्या जोरावर फिरणारी पाणचक्की उभी राहिली आणि दर्ग्यांत उतरणाऱ्या फकिरांचें व यात्रेकरूंचें धान्य तेथें दळलें जाऊं लागलें. त्याच पाणचक्कीच्या रस्त्यावर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. त्याचें हें लांबलचक नांव पाटीपुरतें. जालन्याचा, बीडचा, बुलढाण्याचा रोगी तें कधीं घेत नाहीं. ‘घाटींत नेलें’ एवढेंच त्याचे नातलग सांगतात, आणि ऐकणारा क्षणभर गप्प होतो. त्या गप्प होण्यांत भीति आहे, थोडी दया आहे, आणि ‘दुसरीकडे नेण्याची ऐपत नसेल’ हा मनांतल्या मनांत केलेला हिशेबहि आहे. मराठवाड्यांतील ह्या सर्वांत मोठ्या रुग्णालयाविषयीं आमच्या वर्गाचें सारें मत त्या क्षणभराच्या मौनांत सांठलेलें आहे.

घाटीची स्थापना १९५६ सालची. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मराठवाडा हैदराबाद राज्यांतून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला. मुंबईकडे ह्या बाबतींत मोठी पूर्वपुण्याई होती. परळचें के. ई. एम. रुग्णालय १९२६ सालीं उघडलें तें नगरपालिकेच्या पैशावर, आणि तेथें शिकविणारे व शिकणारे हिंदी असावेत ह्या ईर्षेनें. आमच्याकडे तशी परंपरा नव्हती. १९४६ सालीं सर जोसेफ भोर यांच्या समितीनें आपला मोठा अहवाल दिला तेव्हां मराठवाडा निजामाच्या अमलाखालीं होता, आणि समितीचें क्षेत्र ब्रिटिश हिंदुस्थानपुरतें होतें. भोर हे जन्मानें नाशिकचे. पैसे देण्याचें सामर्थ्य नाहीं एवढ्याच कारणासाठीं कोणीहि मनुष्य योग्य उपचारांस मुकूं नये, असें त्या समितीचें मूळ सूत्र होतें; आणि त्यासाठीं औषधाइतकेंच पाणी, अन्न, घर, स्वच्छता यांकडे लक्ष पुरवावें लागेल असेंहि तिनें बजावलें होतें. तो अहवाल आज वाचतांना मनास चुटपुट लागते. त्यांतील विचार जुना झालेला नाहीं, आणि ही कांहीं त्या अहवालाची स्तुति नव्हे.

दोनच वर्षांनीं, ५ जुलै १९४८ रोजीं, इंग्लंडांत अन्यूरिन बेव्हन यांनीं राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. युद्धानें भिकेस लागलेल्या देशानें हें साहस केलें, ही गोष्ट ‘आधीं श्रीमंत होऊं, मग रोग्यांकडे पाहूं’ म्हणणारांनीं विसरूं नये. पण दुसरीहि एक गोष्ट विसरूं नये. तीन वर्षांच्या आंतच चष्म्यास व कृत्रिम दांतांस आकार लावण्याची पाळी तेथील सरकारवर आली, आणि बेव्हन यांनीं त्यापायीं मंत्रिपद सोडलें. सरकारी खजिन्यास तळ असतो, हें सरकारी औषधाच्या कैवाऱ्यांनीं मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. जर्मनीचा मार्ग निराळा. बिस्मार्कनें १८८३ सालींच कामगारांचा आजारविमा काढला होता. एका मार्गांत सरकार स्वतः रुग्णालय बांधतें, वैद्य नेमतें, औषध घेतें. दुसऱ्यांत वर्गणीचा एक निधि उभारून त्यांतून उपचार विकत घेतले जातात. महाराष्ट्र पुष्कळ काळ मुख्यतः पहिल्या वाटेनें चालत होता. २०१२ च्या जुलैंत त्यानें दुसरी वाट धरली, किंवा अधिक बरोबर बोलावयाचें तर एक पाय पहिल्या वाटेवर ठेवून दुसरा दुसरीवर टाकला.

ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना. प्रथम ती ८ जिल्ह्यांत आली, आणि त्यांत मराठवाड्यांतील नांदेड तेवढा होता. पुढच्या वर्षीं ती राज्यभर झाली, आणि २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. आरंभीं एका कुटुंबास वर्षाकाठीं दीड लाख रुपयांपर्यंतचे ९७१ प्रकारचे उपचार, तेहि ठरविलेल्या खासगी रुग्णालयांतसुद्धां, मिळत. पुढें मराठवाड्यांतील व विदर्भांतील मिळून १४ अडचणींतल्या जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांस पांढरी शिधापत्रिका असूनहि तींत घेण्यांत आलें. केंद्र सरकारची आयुष्मान भारत योजना २०१८ सालीं आली, दोहोंची सांगड घातली गेली, आणि २०२३ सालीं राज्य शासनानें ही मर्यादा ५ लाखांवर नेऊन सर्वच नागरिकांस ती खुली करण्याचें ठरविलें. म्हणजे हा लेख वाचणारें बहुतेक प्रत्येक कुटुंब आज ह्या योजनेच्या कक्षेंत येतें. किती जणांस हें ठाऊक आहे, हा प्रश्न आम्ही आमच्या स्नेहीमंडळींत विचारून पाहिला. बहुतेकांनीं ‘ती गरिबांची ना?’ असें उलट विचारलें.

ह्या योजनेवर टीका करण्यापूर्वीं तिचें देणें मान्य केलें पाहिजे. बीड जिल्ह्यांतील जो शेतकरी हृदयाची शस्त्रक्रिया म्हणजे जमीन विकणें एवढेंच समजत होता, तो आज संगमरवरी फरशीच्या रुग्णालयांत शिधापत्रिका हातांत घेऊन जातो, ‘आरोग्यमित्र’ म्हणून नेमलेला मनुष्य त्याचे कागद करतो, मंजुरी येते, आणि तो जमीन न विकतां घरीं परततो. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसास आठवड्यांतून दोन-तीन वेळां रक्त शुद्ध करून घ्यावें लागतें. हा खर्च मध्यमवर्गीय घरासहि वर्षभरांत पोखरून काढतो, तर मजुराची कथा काय! अशा हजारों घरांस ह्या योजनेनें हात दिला आहे. ‘सरकार कांहींच करीत नाहीं’ हें वाक्य ज्यांच्या जिभेवर नेहमीं तयार असतें त्यांनीं एकदां तरी अशा कुटुंबाशीं बोलावें.

असें असूनहि आमचा ह्या योजनेवर गंभीर आक्षेप आहे, आणि तो आम्हांस पुस्तकांतून सुचलेला नाहीं. आमच्या घरीं धुणें-भांडीं करणाऱ्या ज्या मावशी आहेत, त्यांच्या सासूबाईंस मधुमेह होता. पैठणकडच्या एका खेड्यांत त्या राहत. जवळच्या सरकारी दवाखान्यांत गोळ्या मिळत. म्हणजे असतील तेव्हां मिळत. नसतील तेव्हां ‘पुढच्या महिन्यांत या’ असें सांगण्यांत येई. पुढच्या महिन्यांत जावें तर एका दिवसाची मजुरी बुडे, आणि गोळ्या मिळतीलच याची शाश्वति नसे. दुकानांतून विकत घेतलेल्या गोळ्या पुरवून पुरवून, एक दिवसाआड, म्हातारी खात असे. हें आम्हांस ठाऊक नव्हतें. ठाऊक झालें तें पायाचा अंगठा काळा पडल्यावर. मग धांवपळ झाली, शहरांतील एका मोठ्या रुग्णालयांत नेलें, योजनेची मंजुरी एका दिवसांत आली, आणि गुडघ्याखालीं पाय कापण्याची शस्त्रक्रिया एक पैसाहि न घेतां, अगदीं नीट, पार पडली. मावशींनीं त्या रुग्णालयाचे आभारच मानले. ‘पैसे नाहीं लागले, ताई,’ असें त्या आमच्या घरांत सांगत होत्या, आणि ऐकणारांपैकीं कोणासहि काय बोलावें तें सुचेना. दोन-चार रुपयांच्या गोळीसाठीं त्या म्हातारीस कोणी वाली नव्हता. पाय कापण्यासाठीं मात्र सारी यंत्रणा हात जोडून उभी होती!

हा कोणा एका डॉक्टराचा वा कारकुनाचा दोष नव्हे. योजनेच्या घडणींतच तो आहे. ती रुग्णालयांत दाखल होणाऱ्या रोग्यासाठीं आहे. रोज घ्यावयाची गोळी, दर महिन्याची तपासणी, खोकला तीन आठवडे टिकला म्हणून काढलेला फोटो, ह्या साध्या गोष्टींस तींत जवळजवळ स्थान नाहीं, आणि घराचें कंबरडें मोडतें तें पुष्कळदां ह्या साध्या गोष्टींनींच. शस्त्रक्रियेचा आकडा छापतां येतो. ५ लाखांचें कार्ड मंडपांत वाटतां येतें, त्याचें छायाचित्र निघतें. न कापाव्या लागलेल्या पायाचें छायाचित्र कोणी काढावें?

दुसरा आक्षेप याहून कडू आहे. उपचार विकत घ्यावयाचे म्हटले कीं विकणाराचा हेतु मध्यें येतो. मराठवाड्यानें याचा जो धडा २०१९ सालीं घेतला तो विसरण्याजोगा नाहीं. बीड जिल्ह्यांत ऊसतोडणीस जाणाऱ्या बायकांची गर्भाशयें सरसहा काढलीं जात असल्याची ओरड झाली, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. बहुसंख्य शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झालेल्या होत्या. पाळीमुळें खाडा होऊं नये, मुकादमाचा दंड बसूं नये, ही बाईची अडचण. आणि ‘काढून टाकलें कीं कटकट संपली’ हा विकणाराचा सल्ला. ह्या शस्त्रक्रिया योजनेंतून झाल्या असें आमचें म्हणणें नाहीं. उलट, योजनेनें कांहीं शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठींच राखून ठेविल्या त्या ह्याच भयानें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जेथें प्रत्येक शस्त्रक्रियेमागें पैसा मिळतो तेथें सरकारनें केवळ थैली उघडून बाजूस उभें राहणें म्हणजे लोण्याचा गोळा मांजराच्या हवालीं करण्यासारखें आहे. तपासनीस नेमले, मंजुऱ्या लावल्या, तरी ते कागद तपासतात. पोट कोण तपासतो?

ह्यावर खासगी वैद्यांचें उत्तर असतें, आणि तें ऐकून घेतलें पाहिजे. ते म्हणतात, सरकारनें ठरविलेले दर आमच्या खर्चासहि पुरत नाहींत, बिलें महिनोन् महिने अडकतात, आणि मग सज्जनांनीं योजनेंतून बाहेर पडावें व धूर्तांनीं आंत राहून वरकड पैसे काढावे अशी पाळी येते. यांत तथ्य आहे. धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांनीं १० टक्के खाटा निर्धनांसाठीं व १० टक्के दुर्बलांसाठीं ठेवाव्या असा नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें २००६ पासून चालत आला आहे. तोहि किती ठिकाणीं मनापासून पाळला जातो, हें रोग्याच्या नातलगांस विचारावें.

मग सरकारी रुग्णालयच बरें, असें म्हणून आम्ही मोकळें व्हावें काय? तसें म्हणवत नाहीं. ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ ह्या दोन तारखांच्या दरम्यान नांदेडच्या शासकीय रुग्णालयांत २४ तासांत २४ मृत्यु झाले, त्यांत १२ नवजात अर्भकें होतीं. पाठोपाठ आमच्या शहरांतील घाटीचेंहि नांव वर्तमानपत्रांत आलें, आणि उच्च न्यायालयानें दोन्ही ठिकाणच्या मृत्यूंची आपण होऊन दखल घेतली. त्या आठवड्यांत जो तो विचारीत होता, औषधें होतीं कीं नव्हतीं? शासनानें सांगितलें, होतीं. नातलगांनीं सांगितलें, बाहेरून आणावयास लावलीं. खरें-खोटें करणें आमचें काम नव्हे. परंतु आंकडे वाचतांना एक गोष्ट लक्षांत ठेवणें न्यायाचें होईल. खासगी रुग्णालयांत पैसे संपले, आशा संपली, कीं रोगी शेवटच्या घटकेस सरकारी रुग्णालयाच्या दारांत आणून सोडतात. जो कोणासहि ‘नाहीं’ म्हणूं शकत नाहीं त्याच्या पदरांत मृत्यु अधिक पडावयाचे. हा युक्तिवाद रुग्णालयाची सुटका करीत नाहीं. कारण कोणासहि नाहीं म्हणावयाचें नसेल तर खाटा, परिचारिका व औषधें त्या मानानें पाहिजेत, आणि तीं देणें हें ज्यांचें काम, त्यांना हें दशकानुदशकें माहीत आहे.

औषधें कां नसतात, ह्याची कथा मोठी शिकण्यासारखी आहे. २०१७ सालीं राज्यांतील सरकारी रुग्णालयांच्या औषधखरेदीचें काम हाफकिन महामंडळाकडे देण्यांत आलें. हाफकिन म्हणजे ज्यांनीं १८९७ सालीं मुंबईंत प्लेगची लस काढली ते. त्यांच्या नांवाच्या संस्थेस निविदा काढण्याचें व देयकें चुकविण्याचें काम देणें म्हणजे उत्तम वैद्यास कोठीवर बसविणें होय. विलंबाच्या तक्रारी वाढल्या, आणि २०२३ सालीं कायदा करून निराळें खरेदी प्राधिकरण नेमावें लागलें. तमिळनाडूनें हेंच काम १९९४ सालीं एक स्वतंत्र महामंडळ काढून हातीं घेतलें होतें: घाऊक खरेदी, जिल्ह्याजिल्ह्यांत वखारी, आणि कोणत्या दवाखान्यांत कोणतें औषध किती उरलें याची नोंद. यांत बुद्धिमत्तेचें कांहीं काम नाहीं; किराणा दुकानदार रोज संध्याकाळीं करतो तेंच आहे. पैठणकडची म्हातारी ज्या गोळीवांचून राहिली ती गोळी देशांत दुर्मिळ नव्हती. ती वेळेवर मागविण्याची जबाबदारी कोणा एकाची नव्हती, इतकेंच.

त्यांतच खात्यांचा सवतासुभा. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांत व रुग्णालयांत उपचार विनाशुल्क झाले, निर्णय उत्तम. पण वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें दुसऱ्या खात्याकडे, त्यांचा त्यांत समावेश नव्हता. म्हणजे एकाच शहरांत चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयांत केसपेपरास पैसे नाहींत, आणि घाटींत आहेत! रोग्यास हा शासकीय व्याकरणाचा भेद कोणी समजावून द्यावा?

‘फुकटाची किंमत राहत नाहीं’ ह्या आक्षेपाकडे आम्ही फार वेळ थांबत नाहीं. हौसेनें कोणी इंजेक्शन टोंचून घेत नाहीं. सकाळीं सहाच्या एस. टी. नें निघून, नंबर लावून, दुपारीं तीनला औषधाच्या खिडकीशीं पोंचणारा मनुष्य आपल्या वेळेची व मजुरीची जी किंमत देतो, ती आमच्यांतील कित्येकांनीं एका दिवसासहि देऊन पाहिलेली नाहीं.

पैशाचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यास आंकड्यांनींच उत्तर दिलें पाहिजे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणें २०१३-१४ सालीं देशांतील एकूण आरोग्यखर्चापैकीं ६४.२ टक्के रक्कम लोक स्वतःच्या खिशांतून देत होते. २०२१-२२ सालीं हें प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आलें. त्याच काळांत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांपर्यंत चढला. म्हणजे सरकारनें हात सैल केला कीं लोकांचा हात मोकळा होतो, हें दिसतें. पण २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानें २०२५ पर्यंत २.५ टक्के गांठण्याचें लिहून ठेविलें होतें. आणि तरीहि पांचांतले दोन रुपये आजारी माणूसच देत होता. जे म्हणतात कीं सरकारी औषधानें देश बुडेल, त्यांनीं देश किती पाण्यांत आहे तें आधीं पाहावें. आमच्या मतें अजून घोट्याइतक्याच.

पाण्याचा उल्लेख आला म्हणून एक अवांतर. ज्या शहरास मलिक अंबरानें नहर दिली, त्या शहरास अलीकडच्या वर्षांत नळाचें पाणी कित्येक दिवसांआड मिळत आलें आहे, जायकवाडीचा जलाशय हाकेच्या अंतरावर असून. सांठविलेल्या पाण्यांत डास होतात, डासांपासून ताप, आणि तापास पुन्हां योजनेंतून खाट. भोर समिति जें पाण्याविषयीं बोलली तें उगाच नव्हे.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो, कारण ती आमच्याविषयीं आहे. २०२१ च्या एप्रिलांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, आमच्या घरांतील एका वडीलधाऱ्या माणसास श्वास लागूं लागला. विम्याचें कार्ड हातांत होतें, ओळखी होत्या, पैसेहि थोडेबहुत होते. शहरांतील एकामागून एक खासगी रुग्णालयांतून ‘खाट नाहीं’ असेंच उत्तर आलें. शेवटीं रात्रीं घाटींत नेलें. खाट मिळाली, प्राणवायु मिळाला, आणि ज्याचा चेहरा आम्ही कधींहि पाहिला नाहीं अशा एका निवासी डॉक्टरानें त्या खोळींतून घामाघूम होत तीन आठवडे त्यांस सांभाळलें. ते घरीं आले. आम्ही पेढे वांटले, त्या डॉक्टराच्या नांवें देवापुढें दिवा लाविला, आणि नंतरच्या सर्व तपासण्या ज्योतिनगरच्या एका खासगी दवाखान्यांत केल्या! कां, असें आम्हांस कोणी विचारलें नाहीं. आमचें आम्हांसहि सुचलें नाहीं.

त्या वर्षांत सिडकोपासून उल्कानगरीपर्यंतचीं कितीक सुखवस्तु घरें घाटीच्या पायरीपर्यंत गेलीं आणि परत फिरलीं. जोंवर तीं तेथें होतीं तोंवर प्राणवायूच्या टाकीची बातमी पहिल्या पानावर येत होती, जिल्हाधिकारी रात्रीं दूरध्वनि उचलीत होते. महासाथीच्या काळांत महाराष्ट्र शासनानें खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले आणि आरोग्य योजना सर्वांस खुली केली. करावयाचें मनांत आणलें तर काय काय होऊं शकतें तें तेव्हां दिसलें. साथ ओसरली तशीं तीं घरें आपल्या विम्याकडे वळलीं. त्या विम्याच्या हप्त्यावर २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत १८ टक्के कर होता, तोहि आम्ही कुरकुरत भरला. म्हणजे सरकारी रुग्णालयासाठीं एकदां, विम्याच्या हप्त्यासाठीं दुसऱ्यांदा, आणि त्या हप्त्यावरील करासाठीं तिसऱ्यांदा. एवढें देऊन आम्ही काय विकत घेतलें? घाटीच्या ओळींत उभें न राहण्याचा हक्क. ज्या ओळींत तक्रारअर्ज लिहिणारा, संपादकास पत्र पाठविणारा, नगरसेवकास ओळखणारा मनुष्य उभा नसतो, ती ओळ कधीं आखूड होत नाहीं. आमच्या वर्गानें सरकारी शाळेचें जें केलें तेंच सरकारी दवाखान्याचें केलें: आधीं सोडला, मग नांवें ठेविलीं.

आणि तरी आमच्या शहरांतील ज्या शल्यवैद्यांवर आम्ही डोळे मिटून विश्वास टाकतों, त्यांपैकीं पुष्कळांचा हात घाटींतच बसलेला असतो. मराठवाड्यांतील गरिबांच्या देहांवर ते शिकले. योजनेंतून शस्त्रक्रिया विकत घेतां येते. शस्त्रक्रिया करणारा घडवितां येत नाहीं. तो घडविणारें रुग्णालय जर औषधावांचून व परिचारिकेवांचून कुजत राहिलें, तर आणखी वीस वर्षांनीं ५ लाखांच्या कार्डावर काय विकत मिळेल, हा विचार योजनेच्या कौतुकांत कोठेंच दिसत नाहीं. म्हणून दोहोंपैकीं एकच निवडा असें कोणी आम्हांस म्हटलें, तर आम्ही योजनेऐवजीं रुग्णालय निवडूं, त्याचे सारे दोष मोजून निवडूं. आणि सुदैवानें तसें एकच निवडण्याची सक्ति नाहीं. योजनेचा जो पैसा सरकारी रुग्णालयांनीं केलेल्या उपचारांबद्दल त्यांना मिळतो, तो त्यांच्याच औषधाच्या कोठींत वेळेवर जावा, आणि योजनेंत गोळीला व तपासणीला स्थान मिळावें, इतकें झालें तरी पैठणकडच्या पुढच्या म्हातारीचा पाय वांचेल.

साहित्याच्या मासिकांत हा रूक्ष विषय कशाला, असें कोणी वाचक म्हणतील. आमच्या कथा-कादंबऱ्यांतून खोकत खोकत मरणारे नायक कमी झाले नाहींत. त्यांच्या उशाशीं बसणाऱ्या नायिकांच्या अश्रूंचें वर्णनहि भरपूर झालें. औषधाचे पैसे कोणी दिले, हें मात्र क्वचितच कळतें. हें एकदां कळूं लागलें तर कथानकांचीं कितीक वळणें बदलावीं लागतील, असें आम्हांस वाटतें.

मावशींच्या सासूबाई आतां शहरांतच त्यांच्यापाशीं आहेत. दुसऱ्या पायास परवां मुंग्या येऊं लागल्या, असें त्यांनीं सांगितलें. आमच्या घरांत नेहमींप्रमाणें ओळखीच्या खासगी डॉक्टराचें नांव निघालें, फीचे पैसे आम्ही देऊं असेंहि ठरत आलें होतें. मावशी म्हणाल्या, ‘या खेपेला द्याल, पुढल्या महिन्याला काय?’ त्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. सोमवारीं सकाळीं सात वाजतां घाटीच्या बाह्यरुग्ण विभागांत केसपेपर काढावयाचा आहे. म्हातारीची चाकांची खुर्ची ढकलण्यास माणूस हवें म्हणून, आणि आमचीहि साखरेची तपासणी वर्षभर राहिलेली आहे म्हणून, त्या ओळींत आम्हीहि उभे राहणार आहों.